शाखा कार्यालय म्हणे!

माझी भाची एमपीएससीची तयारी करते. परवा तिची राज्यशास्त्राची वही सहज चाळली, तर एका पानावर चौकट आखून लिहिलेलं: ‘राज्य सरकारे म्हणजे केंद्राची शाखा कार्यालये.’ हे कुठल्या पुस्तकातलं, असं विचारलं तर म्हणाली, “मामा, तो मेसेज नाही का आला होता फॅमिली ग्रुपवर? तूच तर अंगठा दिला होतास त्याला.”

दिला होता. न वाचता. त्याचं हे प्रायश्चित्त.

मेसेजची सुरुवात ‘९९ टक्के भारतीयांना हे माहीत नाही’ अशी. म्हणणं थोडक्यात असं: राज्यघटनेत भारताला कुठेही ‘फेडरेशन’ म्हटलेलं नाही, म्हणजे राज्यांचे अधिकार केंद्राने दिलेले आहेत आणि साधा कायदा करून ते काढून घेता येतात. संसद हवं ते राज्य मोडू शकते. राज्यं केंद्राच्या पैशावर जगतात. राज्यपालांच्या मर्जीशिवाय राज्यात पान हलत नाही. सबब, आमदाराशी हुज्जत घालू नका, जे विचारायचं ते दिल्लीला विचारा.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर खुद्द बाबासाहेब आंबेडकर देऊन गेले आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणाचा समारोप सगळे शेअर करतात, त्यातला हा भाग कोणी वाचत नाही. केंद्र फार बलवान झालं, राज्यांच्या नगरपालिका झाल्या, अशी टीका तेव्हाही होत होती. त्यावर ते म्हणाले की, संघराज्याचं मूळ तत्त्वच हे की कायदे करण्याचे आणि राज्यकारभाराचे अधिकार केंद्र आणि राज्यांत वाटले जातात ते केंद्राने केलेल्या कायद्याने नव्हे, तर घटनेनेच. या अधिकारांसाठी राज्यं केंद्रावर मुळीच अवलंबून नाहीत, या बाबतीत दोघं बरोबरीचे आहेत. आता मेसेज लिहिणाऱ्याला घटना मसुदा समितीच्या अध्यक्षांपेक्षा जास्त कळते असं म्हणायचं असेल, तर पुढे बोलणंच खुंटलं.

राहिला घटनेत ‘फेडरेशन’ऐवजी आलेला ‘युनियन’ हा शब्द. तोही त्यांनी वर्षभर आधी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, समजावला होता: राज्यांनी आपसात करार करून हा देश बनवलेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघण्याचा हक्क नाही. त्या शब्दाचा अर्थ एवढाच. फुटता येत नाही म्हणजे नोकर झालो, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि ‘साधा कायदा करून’? कुठला विषय केंद्राचा, कुठला राज्याचा आणि कुठला दोघांचा (समवर्ती) हे सांगणाऱ्या सातव्या परिशिष्टातल्या तिन्ही सूच्यांना हात लावायचा तर ३६८ व्या कलमाप्रमाणे संसदेत विशेष बहुमत लागतं आणि वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. शाखा कार्यालयांची मंजुरी घेऊन चालणारं मुख्य कार्यालय मी तरी पाहिलेलं नाही. १९९४ च्या, राज्य सरकारं बरखास्त करण्याच्या केंद्राच्या अधिकारावरच्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर जवळजवळ याच मेसेजला उत्तर दिलंय: केंद्राला जास्त अधिकार आहेत म्हणून राज्यं केंद्राची शेपटं होत नाहीत, आपापल्या क्षेत्रात ती सर्वोच्च आहेत.

एक ताजं उदाहरण. पोलीस हा राज्यसूचीतला विषय, म्हणून केंद्राच्या सीबीआय या तपास यंत्रणेला राज्यात तपास करायला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ही सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि दोन वर्षांनी, सरकार बदलल्यावर, परत दिली. न्यायालयाने आदेश दिला तर गोष्ट वेगळी. पण दोन वर्षं ‘शाखा’ मुख्य कार्यालयाला दारातच विचारत होती, काय काम आहे म्हणून.

राज्य मोडण्याचा मुद्दा मात्र, नाइलाजाने सांगतो, बराचसा खरा आहे. तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या बहुमताने नवं राज्य करू शकते. विधानसभेचं मत मागवावं लागतं, ऐकावंच असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी जूनमध्ये तेलंगण झालंच. पण सीमा बदलता येणं वेगळं आणि त्या सीमांच्या आतला कारभार आपल्या हातात घेता येणं वेगळं.

राज्यपालांबद्दल एवढंच की, १६३ व्या कलमाप्रमाणे ते, थोडे अपवाद सोडता, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. विधेयकं अडवून ठेवण्यावरून भांडणं होतात, कोर्टात जातात, हे खरं. तेही पान हलत असतं म्हणूनच.

पैशाचं म्हणाल तर करांतला राज्यांचा वाटा ही खैरात नव्हे. २७० व्या कलमाने तो राज्यांचाच आहे. हे वाटप सुचवणाऱ्या वित्त आयोगाने, पंधराव्याने, २०२१ ते २०२६ साठी तो ४१ टक्के ठरवला, आणि राज्यांच्या या एकूण वाट्यापैकी ६.३१७ टक्के महाराष्ट्राला. केंद्र सेस (उपकर) आणि अधिभार लावतं, ते या वाटपात धरत नाहीत. ही तक्रार रास्त आहे, पण मेसेजवाल्याला ती सुचलीच नाही.

खरा संताप येतो तो शेवटच्या सल्ल्याचा. पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय, सातबारा, शेती, दारूचे परवाने, सगळं राज्याकडे. इथल्या कामाचा जाब दिल्लीला विचारायचा म्हणजे इथल्या मंत्र्याला आंदणच. आणि राज्याला काही करताच येत नाही म्हणावं, तर १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. संसदेने देशासाठी तसा कायदा केला २००५ मध्ये. रोजगार हमीच्या खर्चासाठी राज्याने व्यवसाय कर बसवला. पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘पीटी’ म्हणून कापले जातात ना, तेच ते. वर्षाला २५०० च्या वर तो घेता येत नाही, ही मर्यादाही घटनेतच आहे.

एवढं सगळं ऐकून भाचीने चौकटीवर काट मारली. मग समासात लिहिलं: ‘पण शिक्षण? आणि कलम २४८?’ बरोबर पकडलं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेलं. आणि तिन्ही सूच्यांत नसलेला कुठलाही नवा विषय निघाला की तो २४८ प्रमाणे केंद्राचा. तेवढं मी खोडायला सांगितलं नाही.