"दवाखान्यातून थेट बाळ घ्या" सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. मला तर दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी पाठवतंच, कारण आमची लेक दत्तक आहे हे सगळ्यांना माहितीये आणि पाठवणाऱ्याला वाटतं हिला उपयोगी पडेल, आता काय उपयोग पण असो. मेसेज थोडक्यात असा: दत्तक घ्यायचंय तर सरकारी वेबसाईटच्या नादी लागू नका, पाच-सहा वर्षं घालवतात, लाखो रुपये जातात आणि शेवटी मोठं झालेलं मूल माथी मारतात. त्यापेक्षा ओळखीच्या दवाखान्यातून जन्मलेलं बाळ थेट घ्या, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, संपलं. बाळ नवजात असेल तरच जीव लागतो, तीन महिन्यांच्या आतलं असलं की ऑफिसात रजा पण मिळते. दूध मात्र वरचं असणार, म्हणून पातळ करून द्या आणि मध चाटवा. आणि मुलाला कधीच सांगू नका. खाली "इच्छुकांनी संपर्क करा" आणि एक मोबाईल नंबर.

एकेक घेते.

"पाच-सहा वर्षं लागतात." वेटिंग आहे, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांच्या आतलं, तब्येतीने ठीक असलेलं मूल हवं असेल तर तीन ते चार वर्षं धरून चाला. कारण साधं आहे, रांगेत तीस हजारांच्या वर पालक आणि कायद्याने मोकळी झालेली मुलं दोन-अडीच हजारांच्या घरात, त्यातही बरीच मोठी किंवा स्पेशल नीड्स असलेली. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ दत्तकविधानं झाली, कारा (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) म्हणते हा जवळपास बारा वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा, एवढ्या मोठ्या देशात एवढाच. म्हणजे रांग आहे ती मुलं कमी म्हणून, कोणीतरी फाईल दाबून ठेवलीये म्हणून नाही (फाईल दाबणारे कुठेच नसतात असं मी म्हणत नाहीये). आणि ही थेट दवाखान्यातून जाणारी बाळं याच हिशोबातून गळतात हे मेसेज लिहिणारा सांगत नाही.

"लाखो रुपये." देशातल्या पालकांसाठी होम स्टडीचे (सोशल वर्कर घरी येऊन पाहणी करते त्याचे) ६,०००, संस्थेला मुलांच्या संगोपनासाठी ५०,०००, नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर येते त्याचे दर वेळी २,०००. २०२२ च्या दत्तक नियमांत हे छापलेलं आहे. याच्या वर कोणी "डोनेशन" मागितलं तर तक्रार करायची. लाखो रुपये दुसऱ्याच रस्त्याला लागतात, त्यावर येतेच.

"मोठं मूल माथी मारतात." रजिस्टर करताना वयोगट तुम्ही भरता. मुलगा, मुलगी की कोणीही, ते तुम्ही भरता. नंबर आला की फोटो, मुलाची माहिती आणि मेडिकल रिपोर्ट पोर्टलवर दिसतो, ४८ तासांत होय म्हणायचं नाहीतर सोडायचं. तीन वेळा सोडलंत तर वर्षभर बाहेर. यात माथी मारणं कुठे बसतं मला समजलेलं नाही. हां, नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर गेली की दोन वर्षांच्या आतलं मूल मिळत नाही, बऱ्याच जणांची ही तक्रार खरी म्हणजे स्वतः उशिरा रजिस्टर केल्याची असते.

आता मुख्य मुद्दा, दवाखाना आणि नोटरी.

अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईने संस्थेच्या ताब्यात दिलेल्या बाळाला बाल न्याय कायदा २०१५ लागतो. त्यात एक गोष्ट आहे जी मेसेजवाल्याला नको असते. आईने बाल कल्याण समितीसमोर बाळ सोपवलं की तिला विचार बदलायला दोन महिने असतात. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी, टाके ओले, दूध भरून आलेलं, बरोबर कोणी नाही किंवा आहेत ते ओरडणारे, अशा वेळी घेतलेला निर्णय तिला फिरवता यावा म्हणून ते दोन महिने. काही जणी येतात परत, बाळ घेऊन जातात, आणि त्यात आपल्यासारख्यांचं काही बिघडत नाही कारण तोवर ते बाळ आपल्याला दाखवलेलंच नसतं. मुदत संपून समितीने बाळ कायद्याने मोकळं जाहीर केल्यावर मात्र "खरी आई दारात येईल" ही भीतीही उरत नाही. कोणी रस्त्यावर किंवा संस्थेच्या पाळण्यात ठेवून गेलं असेल तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पण आई-बाप शोधायला असाच वेळ दिला जातो.

म्हणजे सरळ मार्गाने येणारं बाळ दोन महिन्यांच्या आत तुमच्या घरी येऊच शकत नाही. पुढचे कागद, मेडिकल, मॅचिंग धरून तीन-चार-पाच महिन्यांचं होतंच. तेव्हा कोणी "चार दिवसांचं बाळ आहे, उद्या या" म्हणालं की समजायचं, एका बाईचे दोन महिने चोरून तुम्हाला विकले जातायत.

नोटरीने काय होतं? काही नाही. लोक १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याकडे बोट दाखवतात, तो आहे, बहिणीचं किंवा दिराचं मूल त्याखाली घेता येतं, जन्मदात्यांनी स्वतः उभं राहून द्यायचं आणि सब-रजिस्ट्रारकडे डीड रजिस्टर करायची. पण पैशाची देवघेव त्यातही गुन्हाच आहे. आणि नर्सबाईंनी आणून दिलेलं बाळ, आईचं तोंड तुम्ही बघितलेलं नाही, जन्मदाखल्यावर आई म्हणून थेट तुमचंच नाव, याला दत्तक म्हणत नाहीत. बाल न्याय कायद्याचं कलम ८१ विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला सारखंच, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, दवाखान्याच्या माणसाने केलं तर तीन ते सात वर्षं. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अशीच केस होती, मुलगा हवा म्हणून चार लाखांना बाळ घेतलेलं, तेव्हा कोर्टाने सांगितलं की दवाखान्यातून नवजात बाळाची तस्करी झाली तर पहिल्यांदा लायसन्स सस्पेंड करा. तुम्ही वकील शोधत फिराल ते सोडा, मूल समितीपुढे जातं आणि तोवर त्याला तुम्ही आई-बाबा म्हणायला शिकवलेलं असतं.

"नवजात असेल तरच जीव लागतो."

याच एका समजुतीवर वरचा सगळा धंदा चालतो. पोटुशी राहिल्यासारखं दाखवायचं, माहेरी जाऊन यायचं, हातात बाळ, बाराव्या दिवशी बारसं, कोणाला शंका नाही. नवजात बाळ हवं असतं ते बऱ्याचदा शेजाऱ्यांसाठी.

सयाजीराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते, नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा. शाहू महाराज १८८४ मध्ये कागलहून कोल्हापूरला दत्तक आले तेव्हा दहाच्या आसपास. गादीसाठी होतं, मायेसाठी नव्हतं, मान्य. पण अख्ख्या मुलखाला माहीत होतं आणि कोणाचं काही अडलं नाही. बरं, मायेचं उदाहरण पाहिजे तर पुण्यातच आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेचं बाळ घेतलं, यशवंत, तेही सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरला दवाखाना उघडून रोग्यांना बघत होता, सावित्रीबाई बरोबर राबत होत्या, त्याच साथीत त्या गेल्या. "दत्तक मूल म्हातारपणी बघत नाही" म्हणणाऱ्या काकांनी हे एकदा ऐकावं.

आमची लेक पाचव्या महिन्यात आली. जीव लागायला वेळ लागला का? लागला, आणि तो दोन्ही बाजूंनी लागतो हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. संस्थेत तिच्या खोलीत सात-आठ पाळणे, पंख्याची घरघर, कोणी ना कोणी रडतंय, भांडी वाजतायत, त्यात ती गाढ झोपायची. आमच्याकडे आम्ही दारं लावून, फोन सायलेंट करून, सासूबाईंचे देव पण हळू आवाजात, आणि ही टक्क जागी. शेवटी स्वयंपाकघरात मिक्सर लावला तर पाच मिनिटांत झोपली! तिथल्या मावशींनी एका कागदावर दुधाच्या वेळा आणि "डाव्या कुशीवर थोपटा" एवढं लिहून दिलं होतं, आणि तिचं न धुतलेलं एक झबलं. ते झबलं उशाशी ठेवायला सांगितलं होतं, वासासाठी. माझ्या आईने ते दुसऱ्याच दिवशी डेटॉलमध्ये भिजत घातलं.

दूध पिताना ती माझ्याकडे बघायची नाही. पंख्याकडे बघत बाटली संपवायची, कामं उरकल्यासारखी. मग आम्ही ठरवलं की दूध फक्त आम्ही दोघांनीच पाजायचं, मांडीवर घेऊन, आत्या-मामी कितीही प्रेमाने आल्या तरी बाटली त्यांच्या हातात नाही, त्यावरून रुसवेफुगवे झाले. एक दिवस पिता पिता थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं, गालात दूध तसंच, आणि परत प्यायला लागली. एवढंच झालं पण मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं.

बारसं पण केलं. पाचव्या महिन्यात बारसं कसलं म्हणणारे होतेच. पाळण्यात पाय मावेनात, आत्याने कानात कुर्रर्र केलं तर हिने तिची नथच धरली, सोडेना.

आणखी एक, कारण यावरून एका घरात संस्थेवर आरोप होता होता राहिले. अंघोळ घालताना कमरेखाली, ढुंगणावर निळसर-काळे डाग दिसले तर ते माराचे असतीलच असं नाही, आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना जन्मापासून असतात आणि काही वर्षांत फिके होतात. डोकं मागून चपटं असेल तर ते उताणं जास्त झोपवल्याने. दोन्ही गोष्टी पहिल्याच आठवड्यात आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवायच्या, लसीकरणाचं कार्ड बरोबर घेऊन.

"तीन महिन्यांच्या आतलं असलं की रजा मिळते." मेसेजमधलं हे एक वाक्य अर्धं खरं आहे. मातृत्व रजेच्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीत दत्तक आईला १२ आठवडे रजा दिली पण मूल तीन महिन्यांच्या आतलं हवं अशी अट घातली. एकीकडे कायदा म्हणतो दोन महिने बाळाला हात लावू नका आणि दुसरीकडे म्हणायचा तिसरा महिना संपायच्या आत घरी आणा, काय बोलायचं. ही अट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०२६ मध्ये कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली. केंद्र सरकारच्या नोकरीत एक वर्षाच्या आतल्या मुलासाठी १८० दिवस दत्तक रजा आहे, बाबाला १५ दिवस. प्रायव्हेटमध्ये असाल तर एचआरकडून सध्याचा नियम लेखी घ्या, रेफरल (पोर्टलवर मुलाची माहिती) यायच्या आधीच, कारण नंतर सगळं पळापळीत होतं. पण रजा बसावी म्हणून कोवळं बाळ "मॅनेज" करा हा सल्ला कोणी देत असेल तर वर कलम लिहिलंय.

"वरचं दूध पातळ करा, मध चाटवा." अजिबात नाही. आईचं दूध उत्तम यात वाद नाही, सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलात १९८९ पासून मिल्क बँक आहे ती त्यासाठीच, आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिथून दूध मिळतं. घरी आलेल्या आपल्या बाळाला मात्र फॉर्म्युलाच असणार आणि त्यावर मुलं व्यवस्थित वाढतात, फक्त डब्यावर लिहिलंय तसंच करायचं. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतं, आधी उकळून घेतलेलं पाणी मोजायचं मग पावडर टाकायची. "पचायला हलकं" म्हणून पाणी वाढवलं की बाळाचं पोट भरतं पण वजन वाढत नाही, मग तीच मंडळी म्हणणार बघा दत्तक मुलं अशक्त असतात. उरलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. बाटली धुणं जमत नसेल तर वाटी-चमचा, आजीचं बोंडलं चालेल, तेही उकळून. गाईचं दूध वर्षाच्या आत नाही, आणि मध तर वर्षभर बोटालाही नाही, त्यातून बाळाला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

"मुलाला सांगू नका." आम्ही तिला कळत नव्हतं तेव्हापासून सांगतोय, तुला आणायला कोणत्या गाडीने गेलो, तू येताना सगळ्या घाटात ओकलीस, ही गोष्ट ती आता स्वतः पाहुण्यांना सांगते. न सांगणाऱ्या घरात कोणीतरी सांगतंच, लग्नात एखादी लांबची मावशी, प्रॉपर्टीच्या भांडणात चुलत भाऊ, आणि मुलाला पहिला प्रश्न पडतो की अजून काय लपवलंय. तसंही वारशात, नावात, जन्मदाखल्यात कायद्याने ते तुमचंच मूल आहे, त्यामुळे लपवण्यात फायदाही काही नाही. फायदा असतो तो फक्त ज्याने कागदच खोटे केलेत त्याला.

आता तो खालचा नंबर. मला आलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये तो वेगळा होता, मजकूर तोच. तुमच्याकडे आला तर स्क्रीनशॉट काढा, ग्रुपवरून डिलीट करायला लावा आणि १०९८ ला फोन करून द्या, सरकारी चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, नाव न सांगता पण कळवता येतं. आणि दत्तक घ्यायचंच असेल तर आजच कारा पोर्टलवर रजिस्टर करा, कारण सिनियॉरिटी त्या तारखेपासून धरतात आणि तुमचं ठरत नाही तोवर रांग पुढे जात राहते.