वाचलेले तीन तास कोणी खाल्ले?

काल पुन्हा ऐकलं. या खेपेला मामेसासूबाईंकडून, फोनवर. "तुझं एक बरं झालं हो, कोरोनामुळे वर्षभर घरूनच काम. प्रवासाचे तीन तास वाचले रोजचे!" मी "हो ना मामी" म्हटलं आणि फोन ठेवला. तोंडात जे आलं होतं ते मामेसासूशी बोलायचं नसतं. म्हणून लिहिते.

तीन तास वाचले. बरं. मग ते आहेत कुठे? डोंबिवलीच्या घरापासून स्टेशन, स्टेशनवरून लोकलने मुंबईचं सीएसएमटी, तिथून ऑफिस. दीड तास जायला, दीड तास यायला. वर्षाचे कामाचे अडीचशे दिवस धरा. साडेसातशे तास झाले. एवढे तास माझ्या हातात आले असते तर मी एव्हाना जर्मन शिकले असते, गेलाबाजार गुडघ्यांचे व्यायाम तरी केले असते. मी यातलं काहीही केलेलं नाही. माझे गुडघे विचारा.

22 मार्च 2020. जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला आम्ही सगळे गॅलरीत थाळ्या बडवत होतो आणि त्याच मध्यरात्रीपासून लोकल बंद. तीन दिवसांनी पाडवा, तोही लॉकडाऊनच्या पहिल्या दिवशी. पर्समध्ये तीन महिन्यांचा पास, नुकताच काढलेला. तो अजून तिथेच आहे, टाकवत नाही.

पहिला डल्ला ऑफिसने मारला. एप्रिलमध्येच साहेब कॉलवर म्हणाले, "आता ट्रॅव्हल नाही कोणाला, तर नऊला लॉगिन करायला हरकत नसावी." आधी दहाचं ऑफिस होतं. संध्याकाळीही तेच, "घरीच आहात, एवढं पाठवून द्या." रात्री साडेनऊला एक्सेल शीट! लोकल असती तर साडेपाचला "साहेब, गाडी चुकेल" म्हणून उठता यायचं. या वाक्यापुढे मुंबईत कुठल्याही साहेबाचं काही चालत नाही. माझं ते हत्यारच काढून घेतलं.

उरलेलं घराने खाल्लं. सोसायटीने कामवाल्या मावशींना गेटवरच बंदी केली, आणि ठराव करणाऱ्या कमिटीत एकही भांडी घासणारा माणूस नव्हता. नवऱ्याने आठ दिवस भांडी घासली. आठ. पहिल्या दिवशीचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला होता, नवव्या दिवशी त्याची कंबर धरली. ती अजून सुटलेली नाही. पूर्वी सकाळी पोळी-भाजीचे चार डबे भरले की संध्याकाळपर्यंत ओटा गप्प असायचा. आता साडेदहाला चहा, एकला गरम पोळ्या (गरमच हं, घरी असून गार कोण खातं?), चारला "काहीतरी चटपटीत". चिरंजीव सहावीत. शाळा मोबाईलवर, मोबाईल माझा. मी ऑडिटचा कॉल घेतेय आणि मागून बाईंचा आवाज, "कॅमेरे सुरू करा मुलांनो."

आणि सासूबाईंचं "घरीच आहेस ना". घरीच आहेस ना, जरा गॅस बघ. घरीच आहेस ना, कुरिअरवाला येईल. अहो आई, नवराही घरीच आहे. पण तो "कामात" असतो, दार लावून, बेडरूममध्ये. मी हॉलमध्ये, डायनिंग टेबलच्या कोपऱ्यात, म्हणजे सार्वजनिक. आवाज देणाऱ्याच्या वाटेत पहिली मीच येते.

लोकलमध्ये किती हाल, असं लोक म्हणतात. होतेच. पण डोंबिवलीहून सुटणारी गाडी पकडली की बसायला मिळायचं, आणि एकदा बसलं की सव्वा तास मला "अगं" म्हणणारं कोणी नाही. कानात हेडफोन, डोळे मिटलेले. समोर कोणी मेथी निवडतंय, कोणी पोथी वाचतंय, दारात कोणीतरी भांडतंय. आपण खिडकीला डोकं टेकून विक्रोळीपर्यंत झोपायचं. कधी नुसतं बाहेर बघायचं, काहीही विचार न करता. घरात मी दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसले तर सासूबाई विचारतात, "बरं नाही का वाटत?"

12 ऑक्टोबरला सकाळी मुंबईची वीज गेली. साहेब दादरचे. कॉल रद्द! मला वाटलं, चला, तास-दोन तास मिळाले. त्यात मी काय केलं सांगू? गवार मोडली. अर्धा किलो. सवयच लागली हो मेली.

मग त्याच महिन्यात, 21 तारखेपासून, बायकांना लोकलची परवानगी आली. नवरात्र चालू होतं, टीव्हीवर नुसता जयजयकार. वेळ काय? सकाळी अकरा ते दुपारी तीन, आणि संध्याकाळी सातनंतर. अकराला निघून कुठली नोकरदार बाई ऑफिस गाठते? तिनाच्या आत गाडीत बसून परत यायचं, नाहीतर सातपर्यंत फलाटाबाहेर थांबायचं. हे वेळापत्रक ठरवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी मस्टरवर सही केली असेल का, याची मला दाट शंका आहे.

आणि "लोकांचे हाल बघ" हे मला ऐकवू नका. बघितलेत. आमच्याच मजल्यावरचे काका गेले, शेवटचं दर्शनसुद्धा कोणाला मिळालं नाही. काकूंसमोर मी अवाक्षर काढत नाही. पण मामी, तुम्ही माझे तास मोजलेत, म्हणून मी हिशेब मागतेय.

एक सांगते, कोणाला बोलू नका. 2021च्या फेब्रुवारीत सगळ्यांना लोकल सुरू झाली, सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. लॅपटॉप बदलून घ्यायला ऑफिसला जायचं होतं. काम वीस मिनिटांत झालं. सीएसएमटीला फास्ट उभी होती, रिकामी. मी ती सोडली. शेजारच्या स्लोत चढले, खिडकीत बसले, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन. मशीद, सॅंडहर्स्ट रोड, भायखळा, एकेक स्टेशन. मास्कच्या आत तोंड उघडं टाकून झोपले असेन बहुतेक. ठाण्याला जाग आली तेव्हा फोनवर सात मिस्ड कॉल होते. गॅस सिलिंडर आला होता आणि घरातल्या तिघांपैकी कोणालाही पुस्तक सापडत नव्हतं.

घरी सांगितलं, गाडी लेट होती. डोंबिवलीत त्यापुढे कोणी काही विचारत नाही.