'सगळी उत्तरं एकदम' हे खरं नाही

क्वांटम कॉम्प्युटरची ओळख करून देणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत एक वाक्य हमखास येतं: "हा सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. ऐकणाऱ्याला समजल्यासारखं वाटतं आणि जे खरंच सुंदर आहे ते हातचं निसटतं.

शक्यता एकत्र मांडता येतात, हे खरं. पण मोजायला गेलात की हाती एकच उत्तर लागतं, आणि तसंच मोजलं तर तेही कुठलंतरी. सगळी करामत मोजण्याआधी आहे.

आयआयटी दिल्लीत शिकलेल्या लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरसाठी हवी ती गोष्ट शोधून काढायची एक पद्धत मांडली. चार खोकी घ्या, एकात चिठ्ठी आहे. प्रत्येक खोक्याला १/२ हा आकडा द्या. त्याचा वर्ग म्हणजे ते खोकं हाती लागण्याची शक्यता. एक प्रश्न विचारला की चिठ्ठीवाल्या खोक्याचं चिन्ह उलटतं, उणे १/२ होतं. आता चौघांची सरासरी १/४. प्रत्येक आकडा सरासरीच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर न्या. तीन रिकाम्या खोक्यांचं शून्य होतं, चिठ्ठीवाल्याचं १. कागदावर करून बघाच! चुकीची उत्तरं खोडली जातात, बरोबर उत्तर वर येतं.

खोकी दहा लाख असतील तर सुमारे ७८५ प्रश्न लागतात. साध्या कॉम्प्युटरला सरासरी पाच लाख. फायदा मोठाच आहे, पण सगळं एकदम तपासलं जात असतं तर एका प्रश्नात काम झालं असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्युबिटच्या 'विलो' चिपची बातमी आली. क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधलं माहितीचं सर्वात छोटं एकक. मथळे सगळे 'पाच मिनिटांत अब्जावधी वर्षांचं काम' असे. ते काम मुद्दाम निवडलेली चाचणी होती, व्यवहारात त्याचा उपयोग नाही. खरी बातमी आत दडली होती: एकेकटा क्युबिट सहज चुकतो, म्हणून शंभरेक क्युबिट मिळून एकच भरवशाचा क्युबिट बनवला, आणि क्युबिटांची ही जाळी मोठी करत नेली तशी चूक दर टप्प्याला निम्म्याहून कमी झाली. माझ्या मते त्या वर्षातली विज्ञानातली ही मोठी घटना होती.

रेणूंचं वागणं मोजणं हे या यंत्राचं सर्वात आश्वासक काम, असं मला वाटतं. मुळात रेणूच क्वांटम नियमांनी चालतात. पण त्यासाठी असे भरवशाचे क्युबिट खूप लागतील, एका चिपवर भागणार नाही.

आणि बँकेचा पासवर्ड? पीटर शोर यांची १९९४ ची पद्धत आजची आरएसए कुलपं, म्हणजे इंटरनेटवरची माहिती सांकेतिक करून लपवणारी एक पद्धत, उघडू शकते, पण २०२५ च्या एका अंदाजानुसार त्यालाही दहा लाखांच्या आसपास साधे, चुकणारे क्युबिट हवेत. म्हणून उद्या खातं रिकामं होईल ही भीती नको. मात्र आज चोरून साठवलेली माहिती पुढे कधीतरी उघडता येईल, आणि आरोग्याच्या नोंदी वीस वर्षांनीही खाजगीच असतात. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरपुढेही टिकावीत अशा नव्या कुलपांची तीन मानकं जाहीर केली आहेत. ती साध्या कॉम्प्युटरवर चालतात. आपल्या बँका आणि हॉस्पिटलांनी ती बसवायला आत्ताच सुरुवात करायला हवी.