सत्तरीत मेंदू निम्मा उरतो, हा हिशेबच चुकीचा आहे

साताऱ्यात अजिंक्यतारा चढायला पहाटे निघणाऱ्या ज्येष्ठांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. चाळिशीनंतर मेंदूच्या एक लाख पेशी रोज मरतात आणि सत्तरीत मेंदू निम्माच उरतो. रक्तपुरवठाही अर्ध्यावर येतो, पण शीर्षासनाने तो पूर्ववत होतो. नावे आठवेनाशी झाली की स्मृतिभ्रंश सुरू झाला, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून धास्तावलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

एक लाख हा आकडा ऐकायला भयंकर असला तरी वास्तवापासून फार दूर नाही. खोटा आहे तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. रोज एक लाख म्हणजे वर्षाला ३.६५ कोटी आणि तीस वर्षांत सुमारे ११० कोटी. माणसाच्या मेंदूत मात्र सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, म्हणजे घट दीड टक्क्याच्याही आतच राहते. पाकेनबर्ग आणि गुंडरसन या डॅनिश संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, मेंदूच्या बाह्य थरातील चेतापेशी विसाव्या ते नव्वदाव्या वर्षांदरम्यान सुमारे दहा टक्क्यांनी कमी आढळल्या. वयानुसार मेंदू आकसतो हे खरेच. पण त्याचे मोठे कारण पेशी मरणे हे नसून, त्या लहान होणे, त्यांच्या शाखा व परस्परजोडण्या विरळ होणे आणि तंतूंवरील आवरण झिजणे हे आहे. ही झीजही सगळीकडे सारखी नसते: कपाळामागील भागात ती अधिक दिसते, तर दृष्टीचे काम करणाऱ्या मागच्या भागात बरीच कमी.

रक्तप्रवाह वयाबरोबर कमी होतो, पण हळूहळू. निरोगी वार्धक्यात तो निम्मा होत नाही. शिवाय रक्तदाब बदलला तरी प्रवाह स्थिर राखण्याची यंत्रणा मेंदूच्या रक्तवाहिन्यांतच असते, त्यामुळे उलटे उभे राहून तो कायमचा वाढत नाही. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना तर शीर्षासन अपायकारक ठरू शकते. याउलट, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला; अजिंक्यताऱ्याची चढण सोडून डोक्यावर उभे राहण्याचे काहीच कारण नाही.

एखादे नाव उशिरा आठवणे हा वयाचा भाग आहे. रोजच्या वाटेवर चुकणे किंवा नेहमीचा हिशेब न जमणे ही मात्र डॉक्टरांना दाखवण्याची लक्षणे आहेत. तेव्हा बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी जरूर करून घ्यावी, कारण त्यांतील दोषामुळे झालेला विसराळूपणा उपचाराने बरा होऊ शकतो.