पाळणा हलला नाही की बाईकडेच का बघता?

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की पुढे काय होतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. आधी घरात कुजबुज, मग वाडीत. देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, नवस बोलला जातो, कुणीतरी कुठल्याशा गावचं झाडपाल्याचं औषध आणून देतं. मग रत्नागिरी, नाहीतर थेट कोल्हापूर. सोनोग्राफी तिची, रक्त तिचं, गर्भनलिकांचा फोटो तिचा. नवरा बाहेर बाकड्यावर बसलेला. गाऱ्हाण्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही घालते. पण त्या बाकड्याबद्दल मला बोलायचंय.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितलं, की जगात साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. यातल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणाच्या जोडीने. वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. ती होते सगळ्यात शेवटी. पुष्कळ घरांत होतच नाही.

बाईचं दुखणं तरी नीट बघितलं जातं का? "अंगावरून पांढरं जातंय" असं एखादी म्हणाली, की जाऊबाईच सांगते, "बायकांना असायचंच ते." थोडं जाणं नैसर्गिक आहे, खरं आहे. पण घाण वास, खाज, ओटीपोटात सतत दुखणं, नवऱ्याजवळ जाताना कळ येणं, हे असायचंच नव्हे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या आणि 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. आपल्याकडे रस्ते आहेत, दवाखाने आहेत, शिकलेल्या बायका आहेत. पण लाज तीच आहे, आणि ती फार महागात पडते.

शरीरसंबंधातून पसरणाऱ्या क्लॅमिडियाचंच घ्या. बहुतेक बायकांना त्याचं लक्षणच दिसत नाही. जंतू गर्भाशयातून वर नळ्यांपर्यंत जातो, तिथे सूज येते, व्रण भरताना नळ्या चिकटतात. आठवडाभराच्या गोळ्यांनी बरा होणारा आजार, पण नळी एकदा बंद झाली की गोळ्यांनी उघडत नाही. आणि गोळ्या दोघांनी घ्यायच्या असतात. ती इथे उपचार घेते, नवरा मुंबईत किंवा महिनोन्‌महिने बोटीवर. तो गणपतीला घरी आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यात कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा करायची गरज नाही, दोघांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा एवढंच. जिल्हा रुग्णालयात यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, उपचार मोफत असतात. तिथे गेलेलं कुणी बघेल या भीतीने आपल्या बायका पाय ठेवत नाहीत.

टीबी तर आपल्याला खोकल्याशिवाय ओळखताच येत नाही. फुप्फुसातला जंतू रक्तातून गर्भनलिकांपर्यंत जातो, तिथे वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. भारतात नळ्या बंद होण्याचं हे मोठं कारण आहे. घरात कुणाला टीबी होता का, पाळी कमी झाली का, बारीक ताप असतो का, हे प्रश्न नवसाच्या आधी विचारायचे आहेत.

आता बागेत या. आमची स्वतःची आंब्याची कलमं आहेत, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. मोहोर आला की तुडतुडे आणि करपा, म्हणजे औषध मारणं आलंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रकही फवारण्यांचंच आहे. भातावर फवारा खाली जातो. आंब्याला माणूस झाडाखाली उभा राहून नळी वर धरतो, आणि वर गेलेलं अर्धं त्याच्याच तोंडावर उतरतं. नाकाला टॉवेल बांधलेला असतो. तो ओला झाला की तेच औषध नाकाशी तासन्‌तास चिकटून राहतं. ड्रम ढवळला त्याच हाताने तंबाखू मळायची. संध्याकाळी तो शर्ट घरी जातो आणि बायको उघड्या हातांनी धोंडीवर घासते. बऱ्याच बागांत हे काम करतात नेपाळहून आलेले गडी, बायकामुलांसह बागेतल्याच खोपीत राहणारे. त्यांची तर कुठेच नोंद नाही.

"औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण आहे, काय होत नाही," असं सांगणारे भेटतात. तो रंग ठरतो एकदम पोटात किंवा अंगावर गेल्यावर किती मात्रेला प्राणी मरतो यावरून. वर्षानुवर्षं थोडंथोडं अंगात गेलं तर वीर्याचं काय होतं, हे त्रिकोण सांगत नाही. करप्यावरचं बुरशीनाशक कार्बेन्डाझिम घ्या. त्यावर जास्त विषारीचा लाल किंवा पिवळा त्रिकोण नसतो, पण युरोपीय संघाने ते प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक म्हणून नोंदवलंय, आणि उंदरांच्या वृषणांना त्याने इजा होते हे प्रयोगांत दिसलंय.

हे काही नवं नाही. 1977 साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमींवरचं (पिकाच्या मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींवरचं) औषध बनवणाऱ्या कारखान्यात कामगारच आपसात बोलायला लागले, की आपल्यापैकी कुणालाच मूल कसं होत नाही? तपासलं तर अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू एकतर नव्हते किंवा फार कमी होते. आपल्याच किनाऱ्यावर खाली केरळात कासरगोडला सरकारी महामंडळाने काजूच्या बागांवर 2000 सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं. तिथल्या मुलांचं वयात येणं लांबलं, असं अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या 2003 च्या अभ्यासात दिसलं. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली 2011 मध्ये. काजू आपल्याकडेही आहे, म्हणून हे नाव आपल्या गावात माहीत असायला हवं. लोटे, महाडच्या कारखान्यांत रसायनं हाताळणाऱ्या पोरांनाही मुलाबाळांचा प्रश्न डॉक्टरने कामासकट विचारला पाहिजे. "काय काम करता?" एवढं केसपेपरवर लिहायला किती वेळ लागतो?

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे फवारणीच्या मोसमात घेतलेला अहवाल वाईट आला, तर काम थांबवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. संपर्क सुटला की पुष्कळदा सुधारतं.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय ठेवणार आहे. फवारणीचे कपडे बागेतच उतरवायचे आणि हातमोजे घालूनच धुवायचे. गरोदर किंवा दिवस राहायची वाट बघणारी बाई त्या दिवशी बागेत नको, खोपीतलीसुद्धा. चष्मा, मास्क, हातमोजे बागायतदाराने द्यायचे. आणि ज्या गड्याला मूल हवंय, त्याच्या हातात त्या मोसमात फवाऱ्याची नळी द्यायची नाही. दुसरं काम द्यायचं, मजुरी तेवढीच.