टाकीत बर्फ टाकू नका: ‘मासे वाचवण्याचे पाच सोपे उपाय’ या मेसेजला उत्तर

‘उन्हाळ्यात फिश टँकमधले मासे वाचवण्याचे पाच सोपे उपाय’ हा मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. आधी माझ्याही नजरेखालून गेला होता, तेव्हा सोडून दिला. पण तो माझ्या भावाच्या घरी पोचला आणि पुतणीने पहिलाच उपाय तिच्या २० लिटरच्या टाकीत करून पाहिला. आता गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा. पाणी तापलं की टाकीत थेट बर्फ टाका, मासे लगेच तरतरीत होतात. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर ती भूक समजा, खाणं वाढवा. रात्री फिल्टर बंद ठेवा, मोटरने पाणी तापतं. मूठभर मीठ टाका, गरमी बाधत नाही. आणि थर्मामीटर, हीटर वगैरे फक्त विकणाऱ्यांच्या फायद्याचं. नदीतल्या माशांना कोण हीटर लावतं?

आधी बर्फाचं बघू. हिशोब साधा आहे. २० लिटर पाणी ३२ अंशांवर आहे आणि त्यात १ किलो बर्फ टाकला, तर बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पाणी २७ अंशांच्या खाली येतं. म्हणजे फार तर अर्ध्या तासात पाच अंशांची घसरण. माशाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पाणी जितकं गार, तितकंच त्याचं रक्त आणि स्नायूही गार. हा झटका बसला की तो सैरावैरा पळतो, काचेवर आपटतो. मेसेज लिहिणाऱ्याला ती तरतरी वाटली! पुतणीचे गप्पी मासेही आधी असेच पळाले. वर बर्फाचे खडे तरंगत होते तोवरच ते पर मिटून तळाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले. संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा तापलं, दुसऱ्या दुपारी पुन्हा बर्फ. दोन-तीन दिवसांत शेपट्यांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसायला लागले. हा व्हाइट स्पॉट नावाचा रोग. त्याचा परजीवी बर्फातून येत नाही, तो बहुधा टाकीत आधीच असतो. पण अशा धक्क्यांनी माशाची प्रतिकारशक्ती खचली की त्याला मोकळं रान मिळतं. शिवाय बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर त्यातलं क्लोरीन टाकीत जातं ते वेगळंच.

‘पण उन्हाळ्यात थंड पाणी माशाला बरंच वाटणार ना?’ असं भावाने विचारलं. नाही. टोरोंटो विद्यापीठात फ्राय, ब्रेट आणि क्लॉसन यांनी गोल्डफिशवर केलेलं काम १९४२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजही ते पायाभूत मानलं जातं. मासा ज्या तापमानाला रुळलेला असतो त्यावर त्याच्या सहनशक्तीच्या दोन्ही मर्यादा ठरतात, हे त्यातून आकड्यांनिशी दिसलं. रुळलेलं तापमान ३ अंशांनी वाढलं, की उष्णता सोसायची मर्यादा साधारण १ अंशाने वर जाते, पण थंडी सोसायची मर्यादा मात्र साधारण २ अंशांनी वर सरकते. म्हणजे उन्हाळाभर गरम पाण्यात राहिलेला मासा गारठ्यापुढे एरवीपेक्षा जास्त दुबळा असतो. त्यात उष्णतेला मासा काही दिवसांत सरावतो, थंडीला सरावायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. बर्फाने दर वेळी मासा तिथल्या तिथे मरतो असं मी म्हणत नाही. मरत नाही म्हणूनच लोकांना उपाय लागू पडला असं वाटतं, आणि चार दिवसांनी रोग आला की दोष दुसऱ्याच कशाला तरी जातो.

पाणी थंड करायचं तर झाकण काढून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. १ लिटर पाण्याची वाफ होताना जितकी उष्णता निघून जाते, ती १ किलो बर्फ वितळून टाकीइतका कोमट होईपर्यंत शोषतो त्याच्या पाचपटींहून जास्त असते. आणि हे हळूहळू होतं, काही तासांत दोन-तीन अंश. हवा दमट असेल तर फरक कमी पडतो, हे खरं. उघड्या टाकीतून मासे उडी मारतात, म्हणून वर जाळी हवीच. वाफ होऊन उडालेलं पाणी रोज भरून काढा, मात्र क्लोरीन काढलेल्या पाण्याने. टाकी मोठी असेल, १०० लिटर किंवा त्याहून जास्त, आणि पंख्यानेही भागत नसेल, तर गोठवलेल्या पाण्याची घट्ट बंद बाटली तरंगत ठेवून थर्मामीटरवर नजर ठेवायला माझी ना नाही. बर्फाच्या बाजूने एवढंच बोलता येईल.

दुसरा उपाय मात्र बर्फाहून घातक आहे. वर येऊन तोंड उघडणारा मासा भुकेला नसतो, तो गुदमरत असतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहतो, ३० अंशांना जेमतेम ७.६. इकडे पाणी तापल्याने माशाच्या शरीराचा वेग वाढलेला, त्याला ऑक्सिजन जास्त हवा. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात तो त्यातल्या त्यात मिळतो, म्हणून मासा वर येतो. अशा वेळी खाणं वाढवलं की उरलेलं कुजतं, ते कुजताना आणखी ऑक्सिजन खातं आणि अमोनिया तयार होतो. तो अमोनियाही गरम पाण्यात जास्त विषारी: पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ८ असताना एकूण अमोनियापैकी घातक स्वरूपातला वाटा २५ अंशांना ५.४ टक्के असतो, ३० अंशांना ७.४ टक्के होतो. माशांनी तोंड वर काढलं तर एअर पंप लावा, फिल्टरची धार पृष्ठभाग ढवळेल अशी वर घ्या आणि त्या दिवशी खाणं बंद ठेवा. मोठ्या माशांना एका दिवसाच्या उपासाने काही होत नाही. फायटर आणि गोरामी या जातींच्या माशांना वर येऊन हवा घ्यायची सवयच असते, त्यांचं पाहून घाबरू नका.

फिल्टरच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. पाण्यात बुडालेल्या मोटरची उष्णता पाण्यातच जाते. पण ५ वॉटची मोटर २० लिटर पाण्याला, उष्णता जराही बाहेर गेली नाही असं धरलं तरी, तासाला पाव अंशही वाढवत नाही. त्यासाठी रात्रभर फिल्टर बंद ठेवायचा? रात्री पाणवनस्पतीसुद्धा ऑक्सिजन वापरतात, म्हणजे पहाटे तो सर्वांत कमी असतो, आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू साचलेल्या पाण्यात गुदमरतात. उष्णता कमी करायचीच असेल तर भर दुपारी टाकीचा दिवा बंद ठेवा.

मिठाने तापमानात काहीही फरक पडत नाही. नायट्राइटची, म्हणजे जिवाणू अमोनियापासून बनवतात त्या विषारी पदार्थाची, बाधा झाली असेल तर मोजून घातलेलं मीठ उपयोगी पडतं. मूठभर मीठ वनस्पतींचं नुकसान करतं. बस.

आता नदी. नदीतही दिवसरात्रीत पाणी काही अंशांनी कमी-जास्त होतं आणि मासे ते सोसतात, हे मान्य. पण तिथे पाणी प्रचंड असतं, बदल सावकाश होतो आणि माशाला खोल पाण्यात, सावलीत सरकता येतं. २० लिटरच्या काचेत सरकणार कुठे? टाकी जितकी लहान, तितकी ती खोलीबरोबर पटकन तापते आणि पटकन निवते. म्हणून थर्मामीटर ही चैन नाही, आणि हीटरचं कामही नुसतं पाणी तापवायचं नाही. २५ अंशांवर लावलेला हीटर दुपारी गप्प असतो आणि पहाटे पाणी २५ च्या खाली उतरू देत नाही. लिटरमागे साधारण १ वॉट पुरतो. जास्तीचा घेऊ नका: १०० वॉटचा हीटर २० लिटरच्या टाकीत बिघडून चालूच राहिला तर तासाला चार अंशांपर्यंत पाणी चढवू शकतो. पाणी बदलताना त्याचा प्लग आधी काढा, कारण उघडा पडलेला तापलेला हीटर पाणी लागताच तडकतो. नवीन पाणी बादलीत काढून क्लोरीन घालवा, थर्मामीटर बुडवून बघा, टाकीच्या एक-दोन अंशांत आलं की मगच ओता. सगळं पाणी एकदम बदलू नका, चौथा हिस्सा पुरे.