काळ्या खिडकीतून पाठवलेली मेल निनावी नसते

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्यातला दावा थोडक्यात असा: तक्रार करायची असेल तर जीमेल उघडू नका, लिनक्सच्या काळ्या खिडकीतून, म्हणजे कमांड टाइप करायच्या टर्मिनलमधून, ‘मट’ नावाच्या प्रोग्रामने मेल पाठवा. ती मेल मध्ये कुठल्याही सर्व्हरवर न थांबता थेट पोहोचते, तिची कुठेही नोंद राहत नाही, जोडलेली फाइल आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, ‘फ्रॉम’मध्ये हवं ते नाव टाकता येतं आणि ‘बीसीसी’तली, म्हणजे गुपचूप प्रत पाठवलेल्यांची, नावं कुणालाच दिसत नाहीत. शेवटी नेहमीप्रमाणे, अन्याय सहन करणाऱ्या प्रत्येकापर्यंत हे पोहोचवा.

माझ्या भाचीपर्यंत ते पोहोचलं. थकलेल्या पगाराबद्दल निनावी तक्रार वरिष्ठांना पाठवायची, तीही कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवरून, अशी तिने तयारी केली होती. मी बरीच वर्षं मट वापरतो हे तिला माहीत होतं, म्हणून पाठवण्याआधी तिने विचारलं. ज्यांना विचारायला कुणी नाही, त्यांनी हे वाचून थेट मेल पाठवून टाकली असेल. म्हणून उघडपणे लिहितोय.

सगळ्यात घातक दावा नोंद राहत नाही हा. त्यासाठी मट मेल कशी तयार करतो ते बघावं लागेल. तुम्ही व्हिम किंवा नॅनोसारख्या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये मजकूर लिहिता, सेव्ह करून बाहेर पडता. समोर पत्ते, विषय आणि जोडलेल्या फाइलींची यादी येते. मग ‘वाय’ दाबलं की मेल निघते. तुम्ही लिहिलेला मजकूर त्या मेलचा फक्त एक भाग असतो. त्याच्या वर मट स्वतःहून हेडरच्या, म्हणजे पाकिटावरच्या माहितीसारख्या, ओळी घालतो. ‘फ्रॉम’मध्ये तुमचं नाव काय जाईल हे सेटिंगमध्ये सांगितलं नसेल, तर तो ते मशीनवरच्या वापरकर्त्यांच्या यादीतून, म्हणजे पासवर्ड फाइलमधून उचलतो. कंपनीच्या लॅपटॉपवर तिथे कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव असणं अगदी साधी गोष्ट आहे. ‘मेसेज-आयडी’च्या, म्हणजे त्या मेलच्या ओळख क्रमांकाच्या, ओळीत ॲटच्या चिन्हानंतर मशीनचं नाव जातं. जुन्या आवृत्त्यांत त्या चिन्हाच्या आधी तारीख, वेळ आणि प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांकही असायचा. कंपन्या लॅपटॉपला बहुधा मालमत्ता क्रमांकावरून नाव देतात, आणि तो क्रमांक कुणाच्या टेबलावर आहे ते आयटी विभागाच्या यादीत असतं. ‘डेट’च्या ओळीत स्थानिक वेळ जाते, पुढे जागतिक वेळेशी असलेल्या साडेपाच तासांच्या फरकासकट. नव्या आवृत्त्यांत हे टाळण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. फॉरवर्डमध्ये यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही.

हे झालं फक्त तुमच्या मशीनवरचं. पुढे मट ही मेल त्याच मशीनवरच्या सेंडमेल किंवा पोस्टफिक्ससारख्या मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रामच्या हाती देतो, नाहीतर स्वतः एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवण्याच्या ठरलेल्या भाषेत, बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो. पोस्टफिक्सकडे दिली तर तो पहिल्याच ‘रिसीव्हड’, म्हणजे मेल मिळाल्याच्या नोंदीच्या, ओळीत मेल कोणत्या क्रमांकाच्या वापरकर्त्याने टाकली ते लिहितो आणि मशीनवरच्या लॉगमध्ये कुणाकडून, कुणाला, किती आकाराची, पोहोचली की नाही, हे सगळं नोंदवतो. एसएमटीपीने पाठवली तर संभाषणाच्या सुरुवातीलाच आपलं मशीन आपलं नाव सांगतं.

यावर वाद घालणाऱ्यांसाठी एकच कागद पुरेसा आहे: आरएफसी ५३२१. जगभरातले मेल सर्व्हर ज्या नियमांनी चालतात ते ऑक्टोबर २००८ मधलं हे दस्तऐवज, जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केलेलं. त्यातला ४.४ हा भाग वाचा. मेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक सर्व्हरने हेडरच्या सुरुवातीला ‘रिसीव्हड’ ओळ घातलीच पाहिजे. त्या ओळीत पाठवणाऱ्या मशीनने सांगितलेलं नाव आणि जोडणी ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून) आली तो पत्ता, दोन्ही असावेत. आणि आधी कुणी घातलेली ‘रिसीव्हड’ ओळ कुणीही बदलायची किंवा काढायची नाही. रजिस्टर पाकिटावर प्रत्येक टपाल कार्यालय शिक्का मारत जातं, तसंच हे. ही नोंद समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये, त्या मेलच्याच आत बसलेली असते.

आता फॉरवर्डमधला सल्ला किती उलटा आहे ते बघा. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून मेल पाठवली, तर तुमचा आयपी पत्ता हेडरमध्ये सहसा दिसत नाही. गुगलकडे तो असतो, पोलिसांनी कायदेशीर मागणी केली तर मिळू शकतो, पण मेल मिळालेल्या साहेबाला तो दिसत नाही. तेच जीमेल खातं मटला जोडून एसएमटीपीने पाठवलं, की पहिल्या ‘रिसीव्हड’ ओळीत तुमच्या मशीनचं नाव आणि आयपी पत्ता सरळ समोर येतो. म्हणजे ज्या मार्गाला सुरक्षित म्हणून लोकांना ढकललं जातंय, तोच मार्ग मेल मिळालेल्या माणसाला जास्त माहिती देतो. पगार अडलेल्या मुलीला हा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी स्वतः मेल पाठवून तिचे हेडर उघडून बघायला हवे होते. मला याचा राग येतो.

शिवाय पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत मट तुमच्याच होम फोल्डरमध्ये ‘सेंट’ नावाच्या फाइलीत ठेवतो. हे सेटिंग मुळातच सुरू असतं. लॅपटॉप कंपनीचा असेल तर ती फाइलही कंपनीच्याच हातात.

थेट पोहोचते, मध्ये सर्व्हर नसतो, या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. सर्व्हरशिवाय एसएमटीपी नाही. घरच्या जोडणीवरून समोरच्या सर्व्हरला थेट मेल द्यायला पंचवीस क्रमांकाचं पोर्ट लागतं, आणि अनेक इंटरनेट कंपन्या ते बंद ठेवतात. उघडं असलं तरी फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता खरा असल्याची, खूण मागतं. ती नसेल तर मेल परत येते, नाहीतर स्पॅममध्ये पडते.

फाइल एन्क्रिप्ट होते हा दावा कुठून आला ते फॉरवर्डसोबतच्या स्क्रीनशॉटवरून कळतं. मेलचा कच्चा मजकूर उघडला की फाइलच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची ओळीमागून ओळ दिसते. ते बेस-६४ आहे, कुलूप नव्हे. मेलची यंत्रणा मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी बांधलेली असल्यामुळे दर तीन बाइटांची चार साधी अक्षरं करून फाइल पाठवली जाते, आणि एका कमांडने कुणीही ती पुन्हा मूळ रूपात आणतो. फाइलमध्ये जे आहे ते जसंच्या तसं जातं: फोटोत फोनचं मॉडेल आणि कधी कधी ठिकाण, वर्डच्या फाइलीत लेखकाचं नाव. खरं एन्क्रिप्शन हवं असेल तर पीजीपी नावाचं किल्लीने कुलूप लावायचं तंत्र आहे, मटला ते उत्तम जमतं, पण समोरच्याकडेही किल्ली लागते आणि त्यातही पत्ते आणि ‘रिसीव्हड’च्या ओळी उघड्याच राहतात.

‘फ्रॉम’मध्ये हवं ते लिहिता येतं, हे मात्र मान्य करावं लागतं. मट तुम्हाला अडवत नाही. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचे नियम लिहिले तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची तरतूद त्यात नव्हती, आणि तेच मूळ दुखणं झाकायला पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क आले. पण ‘फ्रॉम’ बदलल्याने वरच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. जीमेलच्या सर्व्हरमधून पाठवत असाल तर तो ‘फ्रॉम’ बदलून तुमच्या खात्याचा पत्ता घालतो. आणि खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसाचा पत्ता टाकून मेल पाठवली, ती पोहोचली नाही, तर परत आल्याची सूचना त्या बिचाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये जाऊ शकते. तोतयेगिरी करून फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डीखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

‘बीसीसी’बद्दलही अर्धंच खरं आहे. आजच्या मटमध्ये ती ओळ पाठवल्या जाणाऱ्या मेलमध्ये जात नाही. पण ‘राइट_बीसीसी’ नावाचं एक सेटिंग आहे. ते कुणी चालू केलं आणि पुढचा सर्व्हर एक्झिम किंवा कुरिअर असला, तर ते सर्व्हर ती ओळ काढत नाहीत, असं मटच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. मग सगळ्यांना गुप्त नावं दिसतात. इंटरनेटवरून कुणाची तरी सेटिंगची फाइल उचलून वापरणाऱ्यांनी ही ओळ आधी शोधावी. शिवाय आपल्या ‘सेंट’च्या प्रतीत ‘बीसीसी’ कायम असते.

मराठीत लिहिलं तर चौकोन दिसतात, असंही त्यात एका ओळीत आहे. दिसत नाहीत. मट मराठी मजकूर आपोआप यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत पाठवतो.

मटच्या विरोधात माझं काहीच म्हणणं नाही. मायकल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम आजही माझ्या रोजच्या कामाचा आहे, आणि मेलच्या आत काय आहे ते तो लपवत नाही, हा त्याचा मोठा गुण. तोच गुण वापरून कुणालाही हे सगळं पडताळता येईल. स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक मेल पाठवा, तिकडे मटमध्ये ती उघडून ‘एच’ दाबा. लपलेले सगळे हेडर समोर येतील. ‘रिसीव्हड’च्या ओळी खालून वर वाचा, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सगळ्यात वर चिकटवतो. सगळ्यात खालच्या ओळीत कुणाचं मशीन दिसतंय ते बघा, आणि ज्या ग्रुपवर तो मजकूर आला होता तिथे टाका.